युरोपियन भाषांमधली लिंगं आणि जेंडर-न्यूट्रल शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश शिकणारी मराठी मुलं आणि तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेले लोक हे प्रश्न सारखे विचारतात, म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवलेत. मी जर्मन शिकवते त्यामुळे जर्मनबद्दल जरा जास्त आहे. परकीय शब्द देवनागरीत लिहिलेत, उच्चार जमेल तितका जवळचा दिलाय.

टेबल जर्मनमध्ये "तो" आणि फ्रेंचमध्ये "ती", हे ठरवलं कोणी?

कोणी बसून ठरवलं नाही. मराठीत ते टेबल, जर्मनमध्ये डेअर टिश म्हणजे तो, फ्रेंचमध्ये ला ताब्ल म्हणजे ती, आणि वस्तू तीच. व्याकरणातलं लिंग म्हणजे नामांचे गट, बस. कुठलं नाम कुठल्या गटात आहे ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं, आपल्याकडे मोठा चमचा पडला, मोठी सुरी पडली, मोठं ताट पडलं, म्हणजे विशेषण पण बदलतं आणि क्रियापद पण. जर्मनमध्ये आर्टिकल (नामाआधी येणारा डेअर, डी, डास हा छोटा शब्द), विशेषण आणि सर्वनाम बदलतं, क्रियापद मात्र बदलत नाही, तेवढाच आराम. जेवणाच्या टेबलावरच तिन्ही लिंगं सापडतात: चमचा डेअर (तो), काटा डी (ती), सुरी डास (ते). यात बायकी-पुरुषी असं काही शोधू नका, मिळणार नाही.

मग पाठ करण्याशिवाय मार्गच नाही का?

थोडा आहे. शब्दाचा शेवट बघायचा. जर्मनमध्ये -उंग, -हाइट, -काइट ने संपणारी नामं स्त्रीलिंगी, -शन आणि -लाइन लावून लहान केलेली नामं नपुंसकलिंगी. फ्रेंचमध्ये "नासियों"सारखी -सियों ने संपणारी जवळजवळ सगळी स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये -ओ पुल्लिंगी आणि -आ स्त्रीलिंगी, पण ला मानो (हात), एल दिया (दिवस), एल प्रोब्लेमा असे रोजच्या वापरातलेच शब्द नियम मोडतात. बाकी शब्द आर्टिकलसकटच शिका, दुसरा उपाय मला तरी आजवर सापडलेला नाही.

आणि तिकडच्या लोकांचं पण एकमत नसतं हे लक्षात ठेवा. ई-मेल जर्मनीत "डी", पण ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये "डास" सर्रास चालतं. कोविड आला तेव्हा फ्रेंच भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रेंच अकादमीने मे 2020 मध्ये सांगितलं की हा शब्द स्त्रीलिंगी वापरा, तोपर्यंत लोक पुल्लिंगी "ल कोविड" म्हणायला लागले होते आणि अजूनही बहुतेक जण तेच म्हणतात.

जर्मनमध्ये "मुलगी" नपुंसकलिंगी आहे, हा बायकांचा अपमान नाही का?

डास मेडशन. वर्गात दर बॅचला कोणीतरी यावर चिडतंच. शब्दाच्या शेवटी तो लहान करणारा -शन आहे आणि -शन लागला की नाम नपुंसकलिंगी होतं, मग मूळ शब्द काहीही असो. मुलग्यासाठी पण "युंगशन" म्हटलं तर तेही डासच. डचमध्ये "हेट मेस्ये" म्हणजे मुलगी, तिथेही हेच. आणि आपल्याला यात धक्का बसायचं कारण नाही खरं तर, आपल्याकडे कोकणीत चेडूं म्हणजे मुलगी नपुंसकलिंगीच आहे, "तें चेडूं". मराठीत आपण "पोर" म्हणतो तेही ते पोर. उलट बाजूने, सहा फुटी पैलवान असला तरी मराठीत "ती व्यक्ती" आणि जर्मनमध्ये "डी पेर्झोन", दोन्ही स्त्रीलिंगी. फ्रेंचमध्ये पहारेकरी (ला सांतिनेल) स्त्रीलिंगी, पहाऱ्याला पुरुष उभा असला तरी.

म्हणजे व्याकरणाचं लिंग आणि माणसाचं जेंडर हे एकच नाही. पण दोघांचा संबंधच नाही असं म्हणणारे पण चुकतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

वस्तूंच्या लिंगामुळे लोक वस्तूंकडे वेगळं बघतात का?

पूल जर्मनमध्ये स्त्रीलिंगी म्हणून जर्मन लोकांना तो नाजूक वाटतो आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून स्पॅनिश लोकांना दणकट, असा एका प्रयोगाचा निकाल खूप ठिकाणी फिरत असतो. तो प्रयोग नंतर दुसऱ्यांनी करून बघितला तेव्हा तसाच निकाल आला नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

मग भांडण नक्की कशावरून आहे?

माणसांसाठीच्या शब्दांवरून. खुर्ची-टेबलाचं लिंग बदला असं कोणीच म्हणत नाहीये, आणि हे आधी नीट समजून घ्या कारण इंटरनेटवरचा निम्मा आरडाओरडा इथेच गोंधळतो.

जर्मनमध्ये लेरर म्हणजे शिक्षक आणि लेरेरिन म्हणजे शिक्षिका. आता शाळेत 99 शिक्षिका आणि 1 शिक्षक असेल तर सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? परंपरेने उत्तर "लेरर", पुल्लिंगी अनेकवचन. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनमध्ये पण हेच. व्याकरणवाले म्हणतात की हे पुल्लिंग सर्वसमावेशक आहे, त्यात बायका आल्याच. विरोध करणारे म्हणतात की कागदावर येतात, डोक्यात येत नाहीत.

आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत. पास्काल गिगॅक्स नावाचे स्वित्झर्लंडच्या फ्रिबुर्ग विद्यापीठातले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की फ्रेंच आणि जर्मनमध्ये असं पुल्लिंगी अनेकवचन वाचल्यावर लोकांच्या मनात पुरुषच येतात, ज्या कामांत बायका जास्त असतात त्या कामांच्या बाबतीतसुद्धा. अजून एक अभ्यास 2015 चा, प्राथमिक शाळेतल्या 591 जर्मन आणि डच भाषिक मुलांवर केलेला. "इंजिनिअर" फक्त पुल्लिंगी न सांगता स्त्री-पुरुष दोन्ही रूपं सांगितली की मुलांना ही "पुरुषी" मानलेली कामं आपल्यालाही जमतील असं जास्त वाटलं. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण आठ वर्षांच्या मुलीला व्याकरणाचा वाद माहीत नसतो, ती फक्त ऐकत असते.

पण "पुल्लिंगात बायका आल्याच" असं कायद्यातच लिहिलं की झालं ना?

ते करून झालंय. ब्रिटिश पार्लमेंटने 1850 मध्येच कायदा केला होता की कायद्यात पुल्लिंगी शब्द असेल तर त्यात स्त्रियाही धराव्यात. मग 1867 चा मतदानाचा कायदा आला, त्यात "मॅन" असा शब्द होता, मँचेस्टरच्या हजारो बायकांनी म्हटलं की 1850 च्या कायद्याने आम्ही पण यात येतो, आमची नावं यादीत घाला. 1868 मध्ये कोर्टाने सांगितलं, नाही, मतदानाच्या बाबतीत नाही येत. म्हणजे टॅक्स आणि शिक्षा द्यायच्या वेळी पुल्लिंगात बायका होत्या आणि हक्क द्यायच्या वेळी नव्हत्या.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर अजून बोचतं. राज्यघटनेत लिहिलेलं होतं की सगळे "श्वाइत्सर" कायद्यापुढे समान आहेत. श्वाइत्सर म्हणजे स्विस माणूस, पुल्लिंगी. एमिली केंपिन-श्पीरी ही कायदा शिकलेली बाई, तिने 1887 मध्ये म्हटलं की श्वाइत्सरमध्ये मीही येते, मला कोर्टात उभं राहून केस चालवू द्या. तिथल्या सर्वोच्च कोर्टाने हा अर्थ "जितका नवीन तितकाच धाडसी" आहे असं म्हणून अर्ज फेटाळला. स्विस बायकांना देशपातळीवर मतदान मिळालं 1971 मध्ये.

म्हणून कोणी मला म्हणालं की अहो हा फक्त व्याकरणाचा प्रश्न आहे, त्यात काय एवढं, तर मी ही दोन उदाहरणं देते. ज्या शब्दात आपण येतो की नाही हे दुसरा कोणीतरी ठरवतो, त्या शब्दावर विश्वास बसायला वेळ लागणारच.

जर्मनमध्ये शब्दाच्या मध्ये तो स्टार कशाला असतो?

त्याला श्टर्नशन म्हणतात, छोटा तारा. आधी 1980 च्या दशकात शब्दाच्या मध्येच मोठ्या लिपीतला आय लिहायची पद्धत आली, म्हणजे शिक्षक-शिक्षिका दोन्ही एकाच शब्दात. मग प्रश्न आला की जे स्वतःला स्त्री पण मानत नाहीत आणि पुरुष पण नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी 2003 च्या सुमारास मध्ये अंडरस्कोअर, म्हणजे मुद्दाम सोडलेली मोकळी जागा आली, पुढे स्टार आला, नंतर कोलन. देवनागरीत लिहायचं तर लेरर*इनन.

बोलताना स्टारच्या जागी एक अगदी छोटा थांबा घेतात, घसा क्षणभर बंद करून. हा थांबा जर्मनमध्ये आधीपासून आहे, श्पीगल-आय (फ्राय केलेलं अंडं) म्हणताना मधे जो तुटक आवाज येतो तोच. टीव्हीवर काही अँकर असं बोलतात आणि त्यावर प्रेक्षकांच्या तक्रारी पण भरपूर येतात.

स्टार अधिकृत आहे का? माझ्या युनिव्हर्सिटीत वापरतात पण पुस्तकात नाहीये.

दोन्ही बरोबर. जर्मन शुद्धलेखन परिषदेने 2021 मध्ये आणि परत 2023 मध्ये स्टार, कोलन वगैरे अधिकृत नियमांत घेतले नाहीत. दुसरीकडे हॅनोव्हर शहराच्या प्रशासनाने जानेवारी 2019 पासून न्यूट्रल भाषा आणि गरज पडेल तिथे स्टार वापरायला सुरुवात केली. आणि बव्हेरिया राज्याने (म्युनिक त्यातच येतं) 1 एप्रिल 2024 पासून सरकारी ऑफिस, शाळा, विद्यापीठांच्या अधिकृत लिखाणात स्टार, कोलन, अंडरस्कोअर सगळ्यावर बंदी घातली. स्त्री-पुरुष दोन्ही शब्द पूर्ण लिहिले तर तिथेही चालतं. म्हणजे म्युनिकला गेलात तर एक आणि हॅनोव्हरला गेलात तर दुसरं.

माझं मत विचाराल तर मला स्टारपेक्षा शब्दच बदललेले जास्त आवडतात. "श्टुडेंटन" (विद्यार्थी, पुल्लिंगी) च्या ऐवजी "श्टुडीरेंडे", म्हणजे शिकत असलेले, अनेकवचनात स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच. शिक्षकांसाठी "लेरक्राफ्ट", सदस्यासाठी "डास मिटग्लीड" जो नपुंसकलिंगीच आहे. दृष्टिहीन लोकांची जर्मनीतली संघटना पण हेच सांगते, की शक्यतो न्यूट्रल शब्द वापरा कारण स्क्रीन रीडरला (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मधली चिन्हं अडतात. पण श्टुडीरेंडे एकवचनात परत डेअर किंवा डी होतो, म्हणजे हा उपाय पण अर्धाच आहे, आणि ज्यांना आपण दिसलंच पाहिजे असं वाटतं त्यांना स्टार का हवा असतो ते मला पूर्ण कळतं.

सामान्य बाई यासाठी कोर्टात गेली असं खरंच झालंय का?

हो, जर्मनीतली मार्लीस क्रेमर. बँकेच्या फॉर्मवर "कुंडे" (ग्राहक, पुल्लिंगी) लिहिलेलं असतं, मला "कुंडिन" म्हणा एवढीच मागणी. मार्च 2018 मध्ये फेडरल कोर्टात ती हरली, तेव्हा ती 80 वर्षांची होती. पण त्याच्या खूप आधीची तिची एक लढाई यशस्वी झाली होती. जर्मनीत हवेच्या दाबाच्या पट्ट्यांना माणसांची नावं देतात, आणि वादळं आणणारे कमी दाबाचे पट्टे कायम बायकांच्या नावाचे आणि छान ऊन आणणारे जास्त दाबाचे पट्टे पुरुषांच्या नावाचे असायचे. तिने आणि इतर बायकांनी हे लावून धरलं आणि 1998 पासून दरवर्षी आलटून पालटून नावं देतात.

फ्रेंच लोक एवढे का भडकतात?

कारण तिथे भाषा हा राष्ट्रीय विषय आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवायला 1635 पासून अकादमी बसलेली आहे. त्या अकादमीत पहिली बाई, मार्गरित युर्सनार, निवडून आली 1980 मध्ये. साडेतीनशे वर्षांनी.

फ्रेंच शाळेत मुलांना एक वाक्य पाठ करायला लावतात, अर्थ असा की पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करतं. आता हा नियम काही आकाशातून पडलेला नाही, जुन्या फ्रेंचमध्ये जवळच्या नामाप्रमाणे विशेषण बदलायची पण रीत होती. व्याकरणकार निकोला बोझे याने 1767 मध्ये कारणच लिहून ठेवलं, की पुल्लिंग जास्त श्रेष्ठ कारण नर मादीपेक्षा श्रेष्ठ. लेखिकेसाठी "ओत्रीस" हा शब्द सुद्धा आधी होता, तो मागे टाकला गेला आणि आता हळूहळू परत येतोय. नोव्हेंबर 2017 मध्ये 314 शिक्षकांनी जाहीर केलं की आम्ही "मात करतं" हे वाक्य यापुढे शिकवणार नाही.

त्याच वर्षी शाळेच्या एका पुस्तकात मधल्या टिंबाची पद्धत आली, म्हणजे पुल्लिंगी शब्द, मग उंचावर टिंब, मग स्त्रीलिंगी शेपूट. अकादमीने 26 ऑक्टोबर 2017 ला म्हटलं की यामुळे फ्रेंच भाषेच्या जिवाला धोका आहे. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी सरकारी राजपत्रातल्या मजकुरात ते टिंब वापरू नका असं परिपत्रक काढलं, 2021 मध्ये शाळांसाठी पण निघालं.

पदांच्या नावांचं भांडण वेगळं. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेकमध्ये 1979 पासून स्त्रीलिंगी पदनामं वापरा असं सांगितलं जात होतं, पॅरिसच्या अकादमीला ते पटायला 28 फेब्रुवारी 2019 उजाडावा लागला. मधल्या काळात 2014 मध्ये एका खासदाराने सभागृहात अध्यक्षस्थानी असलेल्या बाईंना मुद्दाम पुल्लिंगी "मादाम ल प्रेझिदां" म्हटलं, त्यांनी दुरुस्त करायला सांगूनही ऐकलं नाही, तर त्याच्या महिन्याच्या भत्त्याचा चौथा भाग कापला गेला.

स्पॅनिश आणि इटालियनमध्ये काय चाललंय?

स्पॅनिशमध्ये तोदोस म्हणजे सगळे, तोदास म्हणजे सगळ्या, आणि तरुण लोक विशेषतः अर्जेंटिनात "तोदेस" म्हणतात, मधला स्वर घेऊन. उच्चारायला सोपं आहे त्यामुळे बोलण्यात आलं तरी. स्पेनच्या रॉयल अकादमीला ते मान्य नाही, जानेवारी 2020 मध्ये राज्यघटनेची भाषा बदलायची गरज नाही असाच अहवाल त्यांनी दिला.

इटालियनमध्ये शेवटी उलटा ई लिहितात, उच्चार आपल्या "अ"सारखा. इटालियन भाषेच्या क्रुस्का अकादमीने 2021 मध्ये त्याला नकार दिला. पण मंत्री बाई किंवा महापौर बाई असेल तर स्त्रीलिंगी "मिनिस्त्रा", "सिंदाका" म्हणायला व्याकरणात काहीच अडचण नाही, अल्मा साबातिनी यांनी सरकारसाठी 1987 मध्येच तशा शिफारशी केल्या होत्या. तरी 2022 मध्ये पहिल्या महिला पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांनी स्वतःसाठी पुल्लिंगी "इल प्रेसिदेंते" निवडलं.

स्वीडिशमधलं "हेन" काय आहे?

हान म्हणजे तो, हून म्हणजे ती, आणि हेन म्हणजे दोन्हीपैकी काहीही किंवा माहीत नाही. शेजारच्या फिनिश भाषेत सगळ्यांना एकच "हॅन" आहे, त्यावरून सुचलेलं. 1960 च्या दशकात कोणीतरी सुचवलं होतं, 2012 मध्ये लहान मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकात आलं आणि देशभर वाद झाला, आणि 2015 मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात गेलं. आज पेपरात, सरकारी कागदात सहज दिसतं.

फिनिश, हंगेरियनमध्ये तो-ती नाहीच, मग तिथे प्रश्न मिटला?

भाषेतला बराच मिटला, समाजातला आपोआप मिटत नाही. फिनिशमध्येही वकील म्हणजे "लाकीमिएस", शब्दशः कायदा-पुरुष. आणि हंगेरियनमधून इंग्लिशमध्ये मशीन ट्रान्सलेशन केलं की "ऊ (म्हणजे तो किंवा ती) स्वयंपाक करतो/करते"चं शी व्हायचं आणि "ऊ प्रोफेसर आहे"चं ही, कारण मशीन जे वाचून शिकलं त्यातच ते भरलेलं होतं. गूगलने 2018 च्या शेवटी काही भाषांसाठी दोन्ही पर्याय दाखवायला सुरुवात केली.

मराठीसारखी क्रियापदातच लिंग असलेली युरोपियन भाषा आहे का?

आहेत, पोलिश, रशियन वगैरे. भूतकाळात "मी होतो / मी होते" असा फरक पोलिशमध्येही करावाच लागतो. मराठी तर वर्तमानकाळातही सोडत नाही, जातो किंवा जाते, त्यामुळे नॉन-बायनरी (स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या) लोकांची अडचण आपल्याला इंग्लिशवाल्यांपेक्षा लवकर कळायला हवी. पोलिशमध्ये काही जण स्वतःबद्दल नपुंसकलिंगी रूप वापरतात. अनेकवचनात घोळक्यात एक जरी पुरुष असला तर "ओनी", नाहीतर "ओने".

मराठीची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. मुलगे आणि मुली एकत्र आले तर आपण "मुलं आली" म्हणतो, "घरातली सगळी जेवली" म्हणतो, म्हणजे मिश्र घोळक्याला नपुंसकलिंगी अनेकवचन. आइसलँडिकमध्ये पण अगदी हेच आहे, आणि तिथे हल्ली सर्वांचं स्वागत करताना जुन्या पुल्लिंगी "आत्लिर"ऐवजी नपुंसकलिंगी "ओत्ल" वापरायचं प्रमाण वाढलंय. नवीन चिन्ह नाही, नवीन शब्द नाही, भाषेत होतं तेच पुढे आणलं.

जर्मन नोकरीच्या जाहिरातीत पदापुढे एम/डब्ल्यू/डी का लिहितात?

पुरुष, स्त्री, डिव्हेर्स (या दोन्हींत न बसणारे). जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये निकाल दिला, त्यानंतर डिसेंबर 2018 मध्ये कायद्याने लिंगाची ही तिसरी नोंद आली. अर्ज कोणीही करू शकतं एवढाच त्याचा अर्थ, तुम्हाला त्यातलं काही निवडून कळवायची गरज नाही.

परीक्षेत काय लिहू?

बी वन, बी टू (जर्मनच्या मधल्या पातळ्या) च्या परीक्षेत पूर्ण जोडी लिहा ("लेरेरिनन उंड लेरर") किंवा न्यूट्रल शब्द. स्टार टाळा, शुद्धलेखनाच्या नियमात नाही म्हणून उगाच शंका नको.

समोरचा माणूस बाई की पुरुष माहीत नसेल तर ई-मेल कशी सुरू करायची?

जर्मनमध्ये "गूटन टाग" आणि पुढे पूर्ण नाव, हेर-फ्राउ (श्री-श्रीमती) काही नको. फ्रेंचमध्ये "बोंजूर" आणि नाव. "फ्रॉइलाइन" (कुमारी) चुकूनही लिहू नका, पश्चिम जर्मनीने सरकारी कागदातून ते 1972 मध्येच काढलं, आणि त्याच अर्थाचं फ्रेंच "मादम्वाझेल" फ्रान्सच्या सरकारी फॉर्मवरून 2012 मध्ये गेलं. लग्न झालंय की नाही हे ऑफिसला कशाला सांगायचं?

उलट दिशेने पण काळजी घ्या. तुमचं नाव किरण, शीतल, सुहास असं असेल तर जर्मन ऑफिसला काहीच कळत नाही आणि उत्तर भलत्याच संबोधनाने येतं. सहीच्या खाली कंसात फ्राउ किंवा हेर लिहा, आणि दोन्ही नको असेल तर "कृपया पूर्ण नावाने लिहा" अशी एक ओळ जर्मनमध्ये टाका, बहुतेक ऑफिसं ती पाळतात.